शेतात राबणाऱ्याचं पोट का सुटतं? वजन उतरवण्याबद्दलचे आपल्याकडचे गैरसमज

उपकेंद्रातली_ताई

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. वजन उतरवण्यावर इथे आधीही बरंच लिहिलं गेलंय, पण ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या ताटाकडे पाहून. ओट्स, सॅलड, जिम. आमच्या पंचक्रोशीत ज्यांचं वजन वाढलंय त्यांच्या घरी ओट्स नाहीत आणि जिम तालुक्याला. म्हणून हा वेगळा धागा.

तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशाताई घरोघरी जाऊन भरतात. वय, तंबाखू, दारू, हालचाल, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, आणि कमरेचा घेर. बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर किंवा पुरुषाचा ९० च्या वर गेला की गुण चढतात, आणि एकूण गुण चारच्या वर गेले की त्या माणसाची तपासणी आधी करायची. टेप काढला की ओसरीवरच्या बाया हसायला लागतात. एक जण म्हणाली, "माय, मी त रोज वावरात जाते, मले कायची शुगर?" टेप ९४ वर थांबला. हात वाळलेले, गालफडं बसलेली, आणि पोट तेवढं पुढे. रिकाम्या पोटची शुगर १७० च्या वर निघाली. १२६ च्या वर असली की मधुमेह धरतात.

तर पहिला आणि सगळ्यांत पक्का गैरसमज हाच: राबणाऱ्याला वजनाची भीती नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे बरंच खरं होतं. वखरणं, डवरणं, निंदण, सगळं बैलांच्या मागं आणि हातांनी. आता वखरणी ट्रॅक्टरवर, निंदणाच्या जागी तणनाशक, फवाऱ्याला बॅटरीचा पंप, आणि वावरात जायला दुचाकी. कापूस वेचणी मात्र अजूनही बायांच्याच हातांची. कामं कमी झाली ती आधी पुरुषांची, आणि जी उरली ती हंगामी. पेरणीत आणि वेचणीत जीव जातो, आणि होळीपासून मृगापर्यंत पारावर गप्पा. जेवण मात्र बारा महिने पेरणीतलंच.

त्यात तेल बदललं. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागतं, हे मला बहुतेक घरांत ऐकायला मिळतं. म्हणजे माणशी एक लिटर, दिवसाला साधारण ३० ग्रॅम. तेलाच्या प्रत्येक ग्रॅमात ९ कॅलरी. झाले पावणेतीनशे, तेही भाजीत दिसत नाहीत असे. भाकर कुणी मोजतं, तेल कुणीच मोजत नाही.

आणखी एक गोष्ट भारतीयांच्या शरीराची. २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला होता. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, एकच: २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी साठते, आणि ती पोटात, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये. म्हणून भारतीयांसाठी सीमा खाली आणलीय: बीएमआय २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा. पाच फूट एक इंच उंचीच्या, म्हणजे १५५ सेंटिमीटरच्या बाईला ५५ किलोपासून जपायचं आणि ६० ओलांडले की मनावर घ्यायचं. आपल्याकडे ६० किलोच्या बाईला "खात्यापित्या घरची" म्हणतात.

मला सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न मात्र असा असतो: "ताई, काय पिऊ म्हणजे वजन उतरंल?" लिंबू-मध, जिऱ्याचं पाणी, ओव्याचं पाणी, मेथीचं पाणी. यातल्या कशानेही चरबी वितळत नाही. पाण्याने पोट भरल्यासारखं वाटून नाश्ता थोडा कमी जात असेल तर तेवढाच उपयोग. मधाच्या एका मोठ्या चमच्यात ६० कॅलरी असतात, म्हणजे काहीच न घालता साधं पाणी प्यायलेलं बरं. काहीतरी जास्तीचं घेऊन वजन कमी होईल हा विचारच उलटा आहे, आणि त्यावर आपल्याकडचा गरीब माणूस पैसे घालवतो. त्याचा मला फार त्रास होतो. म्हणून लिहितेय. तुमच्या गावातले समज, अनुभव, प्रश्न लिहा.

पऱ्हाटी

ताई, लय कामाचा धागा काढला. आमच्या घरी चहाचा हिशोब लावा म्हनतो मी. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीसंगं एक, वावरात गड्यायसाठी गेलेल्या किटलीतला एक, दुपारून एक, संध्याकाळी पाहुना आला का एक, अन् रात्री जेवनाआंधी एक. गावात कोनाच्या घरी चा नाई म्हनलं का लोकं रागावते. आता शुगर नको म्हनून आमच्या घरी गुळाचा चा सुरू केला. गुळानं वजन वाढत नाई म्हनते, हे खरं काय?

उपकेंद्रातली_ताई

भाऊ, नाही. शंभर ग्रॅम साखरेत ४०० च्या जवळपास कॅलरी, शंभर ग्रॅम गुळात ३८० च्या आसपास. गुळात थोडं लोह, थोडे क्षार असतात, पण वजनाला आणि शुगरला दोन्ही सारखेच. मधुमेही माणसाने "गुळाचा चालतो" म्हणून चार कप घेणं तर फार वाईट.

तुमचा हिशोब करू. कपाला दोन चमचे साखर म्हणजे १० ग्रॅम. सहा कपांचे ६० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम. साखरेच्याच २४० कॅलरी झाल्या, दूध वेगळं. चहा सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, गावात ते निभत नाही. कप लहान करा, साखर अर्धी करा. पंधरा दिवसांत जीभ वळते, मग जुना चहा पाकासारखा लागतो. आणि रोजचा एखादा पव्वा असेल तर तोही यातच मोजा. दारूच्या ग्रॅमाला ७ कॅलरी, देशीच्या १८० मिलीत चारशेच्या आसपास, चकना सोडून.

झाडीपट्टी

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, धानवाले. दोन्ही वेळा भात. आमच्या आईला तालुक्याच्या एका दवाखान्यात सांगितलं, "भात पूर्ण बंद, रात्री तर अजिबात नाही, पोळी खा." आई पोळीने जेवतच नाही. दोन घास खाते आणि उठते, मग रात्री मुरमुरे आणि शेव घेऊन बसते. तिचं वजन वाढलंच आहे वरून. रात्रीचा भात चरबी होतो हे खरंच आहे का?

उपकेंद्रातली_ताई

दादा, घड्याळ पाहून भाताची चरबी होत नाही. शिजलेल्या शंभर ग्रॅम भातात साधारण १३० कॅलरी. ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ, तांदूळ, तिन्ही कोरडे तोलले तर शंभर ग्रॅमला ३३० ते ३६० च्या घरातच येतात. फरक एवढाच की भाकर चावावी लागते, तिच्यात तंतू जास्त, म्हणून दीड-दोन भाकरींत माणूस थांबतो. भात गरम आणि पातळ वरणासोबत घशाखाली कधी उतरतो ते कळत नाही, आणि वाढणारीही उलथण्याने वाढते, मोजून नाही.

आईंचा भात बंद करू नका. एक वाटी ठरवा, सपाट भरलेली, दाबून नाही. त्याच्यासोबत घट्ट वरण, किंवा उसळ, किंवा तलावातली मासळी, ती तुमच्याकडे मिळते आणि त्यासारखं चांगलं काही नाही. आणि अर्धं ताट भाजीचं. रात्रीचं जेवण लवकर झालं तर शेव-मुरमुऱ्याची वेळच येत नाही, रात्री लवकर जेवण्याचा खरा फायदा तो आहे. शुगरवाल्या माणसाने भाताचं प्रमाण जपावं हे मात्र बरोबर.

सेवानिवृत्त_मास्तर

ताई, विषय चांगला आहे, पण मला एक शंका आहे. आपल्या भागात रक्त कमी असलेल्या बाया आणि कुपोषित पोरं पडलेली असताना आपण वजन कमी करण्यावर बोलतोय. मेळघाट विसरून चालेल का? हा खात्यापित्यांचा प्रश्न वाटत नाही का तुम्हाला?

उपकेंद्रातली_ताई

सर, मेळघाट कोण विसरेल? पण हे दोन वेगळे प्रश्न राहिलेले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. त्याच पाहणीत २४ टक्के बायांचं वजन जास्त होतं, आणि १८.७ टक्के बाया खंगलेल्या. आमच्या उपकेंद्रावर हे दोन्ही एकाच बाईच्या अंगात दिसतं. वजन ६६, हिमोग्लोबिन ८. तिच्या पोटात कॅलरी पडतात, पण लोह आणि प्रथिनं पडत नाहीत.

तिचं जेवण मी नीट पाहिलंय. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती बसते. भाजीतल्या फोडी संपलेल्या, खाली तर्री उरलेली. ती तर्री भाकरीला लावून ती तीन भाकरी खाते, कारण पोट तर भरायचं असतं. वरण पाच जणांसाठी शंभर ग्रॅम डाळीचं, पाणी घालून वाढवलेलं. शंभर ग्रॅम तुरीच्या डाळीत २२ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे माणशी साडेचार ग्रॅमही येत नाहीत, आणि शेवटच्या वाटीत तर डाळ शोधावी लागते. ५० किलोच्या बाईला दिवसाला चाळीस ते पन्नास ग्रॅम लागतात. त्यातली काही भाकरीतून मिळतात, बाकीची कुठून येणार?

आणि ही तूर तिच्याच वावरात पिकलेली असते. हरभरा तिचा, सोयाबीन तिचं, जवस तिचा. मार्च संपेपर्यंत सगळं मार्केट यार्डात जातं आणि घरात रेशनचे गहू-तांदूळ उरतात. कर्ज असतं, मला कळतं. पण एक पोतं तूर आणि अर्धं पोतं हरभरा घरी ठेवा असं मी प्रत्येक घरी सांगते. वजन उतरवायचं असेल तरी हेच लागतं, कारण डाळ-उसळ खाल्ली की पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि उतरताना मांस झडत नाही.

सेवानिवृत्त_मास्तर

पटलं. शाळेच्या पालक सभेत हे वरणाचं गणित सांगतो. मुलांनाही घरी करायला देता येईल.

शेगावची_सून

ताई, सोयाबीनचं काय? आमच्या सासूबाई म्हणतात ते जनावराला घालायचं.

उपकेंद्रातली_ताई

वहिनी, सोयाबीनमध्ये ३६ ते ४० टक्के प्रथिनं, डाळींपेक्षा खूप जास्त. कच्चं खाऊ नका, त्यात प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात, ते उष्णतेने जातात. चांगलं भाजून किंवा उकडून घ्या. दहा किलो गव्हात एक किलो भाजलेलं सोयाबीन दळलं तर पोळीची चव फारशी बदलत नाही. बाजारातली सोयावडी मिळते तीही चालते.

पोलीस_भरती_२६

मी अकोल्याजवळचा. आमच्या ग्राऊंडवर पोट्टे पोटाले प्लास्टिक गुंडाळून वरून स्वेटर घालून पळतात, एप्रिलमध्ये. घाम जास्त गेला की पोट कमी होते म्हणतात. एक जण चक्कर येऊन पडला तरी ऐकत नाहीत. आणि रोज दोनशे सिटअप मारल्या तर पोटाची चरबी जाईल का?

उपकेंद्रातली_ताई

भाऊ, हे आजच बंद करायला सांग, हात जोडून सांगते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर जातो. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं. प्लास्टिकने तो वाळूच दिला नाही तर अंगातली उष्णता चढत जाते आणि उष्माघात होतो. त्यात माणूस दगावतो, तरणाताठा असला तरी. आणि मिळवलं काय? एक किलो पाणी. तांब्याभर पाणी प्यायलं की वजन जागेवर. पोट्टे पाणीही पीत नाहीत वजन दिसावं म्हणून, ते आणखी वाईट. पहाटे पळा, ढगळ सुती कपडे, आणि लिंबू-मीठ-पाणी सोबत ठेवा. कोणी बरळायला लागला किंवा बेशुद्ध पडला तर सावलीत न्या, अंग ओलं करा, वारा घाला आणि लगेच १०८ ला फोन करा.

सिटअपने पोटाचे स्नायू मजबूत होतात, त्यांच्यावरची चरबी जात नाही. चरबी उतरते ती सगळ्या अंगातून, आणि आधी कुठली उतरायची ते आपल्या हातात नसतं. पुरुषांत सहसा पोटाची बऱ्यापैकी लवकर उतरते. तुझं पळणं चालू ठेव, त्याने दमही वाढेल.

पऱ्हाटी

चालल्यानं किती उतरते ताई? आमची मंडळी रोज सकाळी डांबरी रोडनं जाते, मंग येताना स्टँडवर आलूबोंडा.

उपकेंद्रातली_ताई

७० किलोचा माणूस पाच किलोमीटर चालला तर अडीचशे कॅलरीच्या आसपास जातात. तर्री घातलेला एक मोठा आलूबोंडा तेवढ्या परत आणतो. नुसत्या चालण्यावर वजन फार उतरत नाही, ताट सुधारावंच लागतं. पण चालणं सोडायचं नाही. शुगर, बीपी, झोप, गुडघे, मन, सगळ्याला चालणं लागतं, आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू नये याला तर फारच.

वर्धेकर

आमच्या ओळखीत सगळे दिवसातून दोनदाच जेवतात. आधी नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार सांगायचे, नंतर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ते महाराष्ट्रभर नेलं. ५५ मिनिटांत जेवण संपवायचं, मध्ये काही नाही. माझं स्वतःचं वजन उतरलंय आणि शुगरही खाली आली. तुम्ही त्याला गैरसमज म्हणणार का?

उपकेंद्रातली_ताई

नाही म्हणणार. तुमच्या चहा-बिस्किटांच्या, फरसाणाच्या चार वेळा गेल्या आणि ताट ठरल्या वेळी आलं, त्याने वजन उतरणारच. दर दोन तासांनी खाल्लंच पाहिजे, नाहीतर शरीर चरबी साठवतं, हेही तितकं खरं नाही. तीनदा जेवून, मोजून खाऊनही वजन उतरतं. ज्याला जे वर्षभर निभेल ते त्याने करावं.

माझी हरकत इतकीच की ते सगळ्यांना सरसकट सांगितलं जातं. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एक जेवण गाळलं तर शुगर एकदम खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी. मे महिन्यात उन्हात काम करणारी मजूर, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, ८ हिमोग्लोबिनची बाई, यांनी हे करू नये. आणि आपल्या पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, माणसं बरीच सापडतात. त्यांना अंगातलं पाणी कमी झालं की वेदनांचा झटका येतो. सिकलसेलच्या माणसाने कोणाचं ऐकून निर्जळी उपास तर कधीच करू नये.

झाडीपट्टी

हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्या नात्यात लाल कार्डवाला, म्हणजे सिकलसेलचा, मुलगा आहे. हरतालिकेला घरातल्या सगळ्या बायांसोबत त्याच्या बहिणीलाही निर्जळी ठेवतात, तिची तपासणीसुद्धा झालेली नाही. सांगतो घरी.

उपकेंद्रातली_ताई

तिची तपासणी नक्की करून घ्या, लग्नाआधी तर हवीच. सरकारी दवाखान्यात फुकट होते.

उपासाचं निघालंच आहे तर: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, शंभर ग्रॅमला साडेतीनशे कॅलरी, वरून शेंगदाण्याचा कूट आणि तेल-तूप. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी धरून जो उपास होतो त्याने आमच्याकडच्या बायांचं वजन वाढतं. भगर आणि ताक, राजगिरा, फळ, असा उपास करा. देवालाही तो चालतो.

पांढऱ्या_सोन्याची_लेक

ताई, बायांचा एक प्रश्न. आमच्या गावात पक्कं आहे की कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन केलं की बाई फुगते. माझ्या जावेचं ऑपरेशन झाल्यावर दोन वर्षांत बारा-तेरा किलो वाढलं. आता सासू मला ऑपरेशन नको म्हणते. अंगात वात भरतो म्हणते.

उपकेंद्रातली_ताई

ताई, तुम्ही हे विचारलंत याचा आनंद झाला. ऑपरेशनमध्ये बीजनलिका बांधतात किंवा कापतात, बस. बीजकोश तसेच राहतात, पाळी येते, संप्रेरकं आधीसारखीच तयार होतात. वजन वाढवेल असं त्यात काही होत नाही.

मग जाऊबाईंचं का वाढलं? आपल्याकडे ऑपरेशन दुसऱ्या बाळंतपणालगत होतं. वय पंचवीसच्या आसपास. बाळंतपणात डिंकाचे, मेथीचे, खोबऱ्याचे लाडू, शिरा, तूप, हे सगळं सुरू होतं. पाजणाऱ्या आईला दिवसाला पाचशे ते सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणून तोवर ते खपतं. बाळ अंगावरचं सुटतं, पण लाडवांची सवय आणि पोरांच्या ताटातलं उरलेलं खाणं सुटत नाही. वर "टाके पडलेत, जड उचलू नको" म्हणून महिनोन्‌महिने हालचाल कमी. लोक सगळ्याचं खापर ऑपरेशनवर फोडतात. बाळंतपणानंतर पोट बांधल्याने चरबी जाते हाही असाच समज. आधार वाटतो म्हणून थोडा वेळ बांधलं तर ठीक, चरबीला त्याचा काही संबंध नाही. अंगावर पाजत असाल तोवर कडक डाएट करू नका, तूप-साखर आटोक्यात ठेवा आणि डाळ, अंडी, पालेभाजी वाढवा.

आणि सासूबाईंना एक सांगा. पुरुषाची नसबंदी याहून सोपी असते, टाक्याशिवाय होते, माणूस त्याच दिवशी घरी येतो. "त्याले कमजोरी येते" म्हणतात तोही गैरसमजच, आणि त्यापायी सगळा भार बाईच्या पोटावर येतो. यावर मला फार वाटतं, पण तो वेगळा धागा होईल.

पांढऱ्या_सोन्याची_लेक

मालकांना वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण पूर्ण वाचलं.

वणीचा_दादा

आमच्या तालुक्याला सकाळी सहाला एक क्लब भरतो. वजन करतात, टाळ्या वाजवतात, पावडरीचं शेक देतात. माझ्या वहिनीनं तीन महिने घेतलं, महिन्याला पाच हजारांच्या वर. पहिल्या आठवड्यात चार किलो उतरलं म्हणून सगळ्यांना दाखवलं. बंद केल्यावर दिवाळीपर्यंत सगळं परत आलं, वरून आता त्या डब्यांचं कर्ज. बचत गटाचे पैसे होते ते. ती अजूनही म्हणते पावडर चांगली होती, मीच बंद केली.

उपकेंद्रातली_ताई

दादा, पहिल्या आठवड्यातल्या चार किलोंचं गणित वहिनींना समजावून सांगा. आपल्या लिव्हरमध्ये आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमाला साधारण तीन ग्रॅम पाणी धरून असतं. जेवण एकदम कमी केलं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. काटा खाली येतो, चरबी जागेवर. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. आठवड्यात चार किलो चरबी उतरवायची तर रोज ४४०० कॅलरींची तूट लागेल, आणि बाईचं आख्खं दिवसाचं जेवण दोन हजाराच्या आसपास असतं. मग ते चार किलो चरबीचे कसे असतील?

शेक एका जेवणाच्या जागी घेतला की कॅलरी कमी जातात, म्हणून वजन उतरतं. ते काम फुटाणे आणि ताकही करतात, एका चहाच्या पैशात. वहिनींचा पैसा गेला पण त्यांची चिकाटी खरी होती, सकाळी सहाला रोज जाणं सोपं नाही. तीच चिकाटी घरच्या ताटावर लावली तर आठवड्याला अर्धा किलो उतरेल. तेवढं पुरेसं आहे. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपी सुधारतात. ७० किलोच्या बाईचे साडेतीन-चार किलो म्हणजे खूप झालं.

सुट्या पुडीतलं चूर्ण, बाजारातल्या "महिन्यात दहा किलो" वाल्या गोळ्या, यांपासून मात्र दूरच राहा. पुष्कळदा त्यात जुलाबाचं औषध असतं. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून भारतात २०११ साली बंद झालं, पण जगभर "आयुर्वेदिक", "हर्बल" म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते भेसळीत सापडत आलंय. डब्यावर नाव, बॅच, उत्पादकाचा पत्ता नसेल तर तोंडात घालू नका.

शेगावची_सून

मला थायरॉईड आहे. गोळी सुरू आहे तरी वजन वीस किलो जास्त. सगळे म्हणतात थायरॉईडवाल्याचं उतरतच नाही, प्रयत्न करू नको.

उपकेंद्रातली_ताई

वहिनी, थायरॉईड कमी असलं की वजन वाढतं ते सहसा दोन ते पाच किलो, त्यातलंही बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. गोळी नीट बसली, टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, जागेवर आला, की तुमचं शरीर इतरांसारखंच वागतं. वीस किलोंचा दोष एकट्या थायरॉईडवर टाकता येत नाही, आणि म्हणूनच ते उतरवता येतात. गोळी सकाळी उपाशीपोटी, फक्त पाण्यासोबत, आणि चहा अर्ध्या-एक तासाने. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब. आपल्याकडे बऱ्याच बाया तिन्ही गोळ्या चहासोबत एकदम घेतात, मग गोळी लागूच पडत नाही.

शेगावची_सून

मी तशाच घेत होते! उद्यापासून बदलते.

पऱ्हाटी

ताई, एक शेवटचं. आमचे बाबा, वय ६४. काई न करता त्यायचं वजन सहा महिन्यांत आठ किलो उतरलं. पोट गेलं, पँट सैल झाली. गावात सगळे म्हनते, बुढा फिट झाला. बाबा बी खूश हाये. भूक त चांगली लागते त्यायले. हे चांगलंच झालं नं?

उपकेंद्रातली_ताई

भाऊ, नाही. खाणं-पिणं न बदलता आठ किलो उतरणं चांगलं लक्षण नाही. भूक चांगली आणि वजन खाली, तर पहिला संशय शुगरचा. रात्री लघवीला किती वेळा उठतात, पाणी किती पितात ते विचारा. थायरॉईड जास्त झालं तरी असंच होतं. दुसरा संशय टीबीचा. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, यातलं काही आहे का? खोकला नसला तरी या वयात टीबी आणि कॅन्सर दोन्ही पाहावे लागतात. तंबाखू खात असतील तर तोंडात पांढरा-लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का, तोंड पूर्ण उघडतं का, तेही पाहा.

उद्या सकाळी उपाशीपोटी जवळच्या उपकेंद्रावर न्या, शुगर तिथे होईल. थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे सरकारी दवाखान्यात फुकट आहे. टीबी निघालाच तर औषधं सगळी मोफत, आणि उपचार संपेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. बँक पासबुक आणि आधार सोबत ठेवा.

पऱ्हाटी

रात्री तीन-चार डाव उठते ते. मले वाटलं वयामुळं. सकाळीच नेतो, पेरणीचं मंग पाहू.

उपकेंद्रातली_ताई

न्या. आणि निघताना चहासुद्धा देऊ नका, नुसतं पाणी. रिपोर्ट आला की इथंच लिहा.